रेघ आत घेताना

१० मार्च, रविवार

धाकटी आली! चार महिन्यांनी. दार उघडलं तर समोर उभी, हातात तोच जुना बिनबाह्यांचा गाऊन, जणू मधे काही झालंच नाही. म्हणाली, स्टूल खिडकीशी ठेवू की भिंतीशी? खरं तर मी तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, खिडकीशी.

अडीच तास बसली. तिच्या पावलांभोवती जमिनीवर खडूच्या खुणा केल्या — पुढच्या वेळी पाय तिथेच पडावेत म्हणून. म्हणजे पुढच्या वेळी येणार आहे! सहा फुटी कॅनव्हासवर कोळशानं बाहेरची रेघ काढून झाली. प्रदर्शनाचा विषय तिनं काढला नाही. मी तर नाहीच नाही.

११ मार्च, सोमवार

लिहूनच टाकते. हे पोटात ठेवून चित्र पुढे सरकायचं नाही.

वीस वर्षं मी माझ्या बहिणीला रंगवते आहे. माझी जी काही नावाजलेली चित्रं आहेत ती सगळी तिचीच — पाठमोरी, पलंगाच्या कडेवर टेकलेली, आरशाकडे पाठ करून बसलेली. जाड बाई आणि तिला पाहणारे लोक, हा माझा विषय. ‘किती खरं रंगवता!’ असं मला सगळे म्हणतात. आणि खरं हे आहे की मी तिला वाढवते. खांदे जसेच्या तसे, त्याखाली सव्वापट. पहिल्यांदा चुकून झालं, चित्र उठून दिसलं, मग हाताला सवयच लागली. तिला कधी बोलले नाही. तिलाही कधी दिसलं नाही, कारण माझ्या प्रदर्शनांना ती यायचीच नाही.

नोव्हेंबरात आली. शाळेच्या ऑफिसातून सुटून थेट, कामाच्या कपड्यांत. स्वतःच्या चित्रासमोर उभी होती. शेजारी दोन बायका. एक म्हणाली, अगंबाई, इतकं होईपर्यंत माणूस करतं तरी काय? दुसरी हसली, वळली, आणि तिनं धाकटीला ओळखलं. तिचं ते गिळलेलं हसू मी पाहिलं. चार पावलांवर तर होते! सगळं ऐकलं आणि गॅलरीवाल्याशी बोलत राहिले.

निघताना दारात तिनं मला विचारलं, "ताई, मी एवढी आहे का गं?"

‘नाही’ एवढं म्हटलं असतं तर पुरे होतं. मी म्हटलं, "चित्र म्हणजे फोटो नव्हे. तुला नाही कळायचं ते."

२४ मार्च, रविवार

ती रेघेत बसत नाहीये. आधी वाटलं, मोजणीत माझंच काही चुकलं. मग लक्षात आलं — बारीक झालीये! गालफडं उतरलीत, दंडाची कातडी सैल दिसते. शाळेतल्या बायका विचारतात म्हणे, काय करतेस, आम्हालाही सांग ना. मी विचारलं तर नुसती हसली. ताकास तूर लागू देत नाही.

मला न सांगता कळतंय. जेवण तोडलंय हिनं. माझ्या चित्रापायी.

२५ मार्च, सोमवार

आईला फोन केला. आई धाकटीकडेच असते. म्हटलं, ही जेवते का नीट? आई म्हणाली, जेवते की, नेहमीसारखी, उलट परवा मागून घेतलं. आईचं काय! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ताटात काय पडलं आणि पोटात काय गेलं तिला काय दिसणार. धाकटी तिच्यासमोर ताट घेऊन बसत असेल आणि मागच्या दारानं टाकून देत असेल.

शिवाय आमच्या घरात तिच्या ताटावर सगळ्यांचाच डोळा. वडलांचं ठरलेलं वाक्य होतं — ‘देवानं दोघींचं मिळून हिलाच वाढलं!’ पाहुणे आले की हटकून. पाहुणे हसायचे, आई हसायची, मी तर सगळ्यांत मोठ्यानं. मी काडी. मला आग्रह करकरून वाढायचे, आणि तिनं वाटी पुढे केली की सगळे एकमेकांकडे बघायचे. आठ वर्षांची होती. कधीकधी ती वाटी तशीच मागे घ्यायची.

७ एप्रिल, रविवार

काही नाही. रेघ दोन बोटं आत घेतली.

२१ एप्रिल, रविवार

भांडण. मी म्हटलं, हे उपाशी राहणं पुरे झालं, तब्येतीचं वाटोळं करून घेशील. चिडली! गाऊनवरच दारापर्यंत गेली आणि तिकडे तोंड करून बोलली. "चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्याकडे बघून तोंड वाकडं करत नाहीयेत. तू तरी करू नकोस."

जी आग लावते तिनंच पाण्याच्या गोष्टी करायच्या का?

मग परत येऊन खुणांवर पाय ठेवून बसली. तिचा हात छान उतरला.

२२ एप्रिल, सोमवार

ठरवलं. एक: तिच्या जेवणाबद्दल यापुढे चकार शब्द काढायचा नाही. दोन: या चित्रात सव्वापट नाही, दीडपट नाही, काही नाही. जेवढी दिसेल तेवढीच. ब्रश हातभर लांब धरून मोजायचं, कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात तसं. वरातीमागून घोडं आहे, पण निदान येऊ दे तरी.

१९ मे, रविवार

आज तिला म्हटलं, छान दिसतेस हं.

मी हे तिला कधीच म्हटलं नव्हतं! ती गेल्यावर आठवत बसले — खरंच नाही. "मान छान आली", "प्रकाश छान पडलाय", "तशीच बस, छान" — हे सगळं चित्रासाठी. तिला असं नाही. ती लाजली. पन्नाशीकडे झुकलेली बाई, ऑफिसात हेडमास्तरांना सुनावणारी, आणि कानापर्यंत लाल! म्हणाली, खरं सांगतेस? म्हटलं, अगदी खरं. मग निघताना दाराजवळच्या आरशात दोनदा वळून पाहिलं. मला कसं मोकळं वाटलं. इतक्या वर्षांचं देणं निदान फेडायला तरी लागले.

९ जून, रविवार

रेघ पुन्हा आत. कोळसा पुसून टाकत नाही मी, नुसता कापडानं फिकट करते, म्हणून आता एकात एक चार बाया दिसतात. प्रत्येक रेघेशेजारी बारीक आकड्यांत तारीख टाकते, नाहीतर कुठली धरायची ते कळत नाही.

तिनं सगळे ड्रेस शिंपीणबाईंकडे दिलेत आत घ्यायला. शिंपीणबाई म्हणाल्या म्हणे, बाई, माझ्या शिवणी संपल्या, आता नवेच शिवा. सांगताना धाकटी इतकी हसली की खोकला आला. मी पाणी दिलं. आजही म्हटलं, छान दिसतेस. आता दर रविवारी म्हणते. चुकवत नाही.

३० जून, रविवार

स्टुलावर बसल्या बसल्या झोपली. मान छातीवर. मी उठवलं नाही, तशीच रंगवली. गळ्याखालची हाडं किती सुंदर आहेत हिची, मला माहीतच नव्हतं! वीस वर्षं मी त्यावर रंगाचे थर चढवत होते.

जागी झाल्यावर ओशाळली. पोटावर हात दाबून बसली होती. म्हटलं, दुखतंय का? म्हणाली, काही नाही, आम्लपित्त. उपाशीपोटी होणारच. हे मनात म्हटलं, तोंडानं नाही. ठरलंय ना.

२१ जुलै, रविवार

गॅलरीवाला येऊन चित्र बघून गेला. मला भीती होती, म्हणेल, तुमची ती बाई कुठे गेली. तर हा खूश! त्या जुन्या रेघा पुसू नका म्हणाला, त्यातच मजा आहे, जणू बाई आपल्याच आत चाललीये. आणि धाकटीकडे वळून, तुम्ही तर ओळखू येत नाही हो, काय व्यायाम करता? धाकटी म्हणाली, काही नाही, देवाची कृपा. तो हसला. मीही हसले.

ऑक्टोबरात प्रदर्शन. त्या दिवशी तिला सगळ्यांसमोर सांगायचं — आधीची चित्रं खोटी होती, ही खरी. आज तिला अर्धंच बोलले, की यायचंच आहे तुला. म्हणाली, येईन की, आता काय लाजायचंय!

जीव भांड्यात पडला.

१२ ऑगस्ट, सोमवार

ती ऑफिसात पडली. रजिस्टर काढायला खुर्चीवर चढली आणि खाली. शाळेच्या शिपायानं रिक्षात घालून हॉस्पिटलमध्ये नेलं. हात मोडला नाही, डोकं फुटलं नाही. म्हटलं, सुटलो. डॉक्टर म्हणाले, पडल्याची काळजी नाही, वजनाची आहे, पोटाच्या तपासण्या करू.

शिपाई सांगत होता, बाईंना उचलायला दोघं लागतील म्हणून मी माळ्याला हाक मारली, पण बाई एकट्याच उचलल्या गेल्या. तो सांगताना रडत होता.

१५ ऑगस्ट, गुरुवार

पोटात गाठ आहे. मोठी. लिव्हरपर्यंत पोचली आहे असं त्यांना वाटतं, अजून दोन तपासण्या आहेत.

१७ ऑगस्ट, शनिवार

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. वजन कधीपासून उतरतंय? पेशंट नीट सांगत नाहीत, म्हणतात लक्ष नव्हतं. मी म्हटलं, मी सांगते. घरी आले, चित्राचा फोटो काढला आणि परत जाऊन फोन त्यांच्यासमोर धरला. दहा मार्च. सात एप्रिल. पाच मे. नऊ जून. त्यांनी फोटो मोठा करून प्रत्येक तारीख वाचली आणि कागदावर उतरवून घेतली. मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, इतकं बारकाईनं बघत होता?

मी म्हटलं, हो.

मेमध्ये आला असतात तर ऑपरेशन करता आलं असतं, म्हणाल्या. आता औषधं देऊन बघू. त्यांचा आवाज चांगला होता, दोष देणारा नव्हता. म्हणूनच जास्त लागलं. मी सांगितलं, तिनं जेवण तोडलं होतं, त्यामुळे आम्हाला वेगळं काही वाटलं नाही. त्यांनी तेही लिहून घेतलं.

आईला अजून सांगितलेलं नाही. फोनवर विचारते, पोरगी जेवली का?

१९ ऑगस्ट, सोमवार

उद्या तिला सगळं सांगणार. सव्वापटीचं. प्रदर्शनात ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं त्याचं. माझ्यापायी उपाशी राहिलीस आणि त्या उपासाआड हे दुखणं लपलं, हेही. तिनं शिव्या घातल्या तर घालू दे. कपाटातली जुनी चित्रं बाहेर काढून ठेवलीत. म्हणाली तर सगळी फाडून टाकीन. उद्या नक्की.

२० ऑगस्ट, मंगळवार

सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी एक दिवससुद्धा उपाशी राहिले नाही गं, ताई. सगळं खात होते, तरी उतरत होतं. मेमध्ये दुखायला लागलं तेव्हा डॉक्टरकडे नंबरही लावला होता. मग गेलेच नाही."

का, म्हटलं. का गं?

"डॉक्टरनं बरं केलं असतं. मग परत पहिल्यासारखी झाले असते."