अडीच पावलांचे स्वयंपाकघर

रविवार, ता. ९
भोजनोत्तर, वामकुक्षीपूर्व

अखिलगृहशासनधुरंधर, पातेलीसंमार्जनसम्राज्ञी, उतू गेलेल्या दुधाच्या गंधमात्रे अपराधी ओळखणारी, धाकट्यांच्या कर्णद्वयाची आद्य मर्दिनी, ज्येष्ठ भगिनी श्रीमती ताई हिच्या चरणी, कचेरीतील मानपत्रांचा एकमेव लेखक, ज्याच्या लेखणीने आजवर एकाही आळशी कारकुनास 'कर्तव्यतत्पर' ठरविल्यावाचून निवृत्त होऊ दिले नाही, तो तुझा कनिष्ठ बंधू भोपळ्या नतमस्तक आहे.

प्रकृती उत्तम. माझी. तुझीही सुधारत असल्याचे डॉक्टरांनी फोनवर सांगितले.

तुझे पत्र तुझ्या शेजारीणबाईंच्या हस्ताक्षरात पोहोचले. अक्षर सुबक आहे. मजकूर मात्र निःसंशय तुझा, कारण तिसऱ्याच ओळीत मला 'गाढव' असे संबोधिले आहे. आक्षेप एकच दिसतो: "तुझी खोली म्हणजे काड्यापेटी. तीत तूच कसाबसा मावतोस, मी कुठे राहू? त्यापेक्षा त्या वृद्धनिवासात जाते. खाट तरी माझी असेल." निवासवाले ती खाट महिनाअखेरपर्यंत राखून ठेवणार आणि त्याच सुमारास इस्पितळातून तुझी सुटका होणार, हेही कळले.

भावनिक युक्तिवाद हा माझा प्रांत नव्हे. मी केवळ स्वयंपाकघराची सद्यःस्थिती तुझ्यासमोर ठेवतो. निर्णय तुझा.

सदर स्वयंपाकघर ओट्यापासून खिडकीपर्यंत अडीच पावलांचे आहे. पावले माझी, तुझी तीन भरतील, म्हणजे तुझ्या दृष्टीने ते अधिक प्रशस्त. येथे पूर्वी जी भांडी नांदत होती त्यांतील एका पातेल्यात मी स्वतः बसून स्नान करू शकलो असतो. त्या सर्वांना निरोप दिला आणि नवा नियम केला: जी वस्तू दुमडत नाही, टांगली जात नाही किंवा दुसरीच्या पोटात शिरत नाही, तिला प्रवेश नाही. या नियमाने मीही बाहेर पडलो असतो. अध्यक्षांच्या विशेषाधिकारात राहिलो.

आता पातेली एकात एक बसतात. बाहेरून एकच दिसते, आत अख्खे एकत्र कुटुंब, आणि तरी भांडण नाही. सुऱ्या भिंतीवरच्या चुंबकपट्टीला चिकटून असतात. चाळणी रबरासारखी मऊ, दाबली की ताटलीएवढी चपटी होते. चिरण्याची फळी थेट सिंकवर बसते, म्हणून ओटा मोकळा राहतो. या फळीवर दोन पोलादी खिळे उभे आहेत. बटाटा त्यांवर खोचला की हलत नाही. दुसऱ्या हाताने धरावा लागत नाही. वाडग्याच्या बुडाला रबरी चकती आहे, ती ओट्याला घट्ट धरते, आपण फक्त ढवळायचे. विजेच्या कुकरचे झाकण एका अंगठ्याने उघडते.

हे सर्व निव्वळ जागा वाचविण्याकरिता. गैरसमज नसावा.

खरेदीची हकिकत सांगणे क्रमप्राप्त आहे. कोणतेही उपकरण पारखल्यावाचून घ्यायचे नाही, असा माझा बाणा. म्हणून मी दुकानात डावा हात पाठीमागे पट्ट्यात अडकवून केवळ उजव्याने एकेक वस्तू उघडीत, मिटीत होतो. गिऱ्हाइके वाट सोडून चालत होती. शेवटी दुकानाच्या मालकीणबाई जवळ आल्या.

"काका, हाताला काय झालं?"

"माझ्या नव्हे, माझ्या ज्येष्ठ भगिनीच्या. पक्षाघात."

"अरेरे. डावा का?"

"डावा."

"नशीब म्हणायचं. लिहिता-बिहिता तरी येत असेल."

"नाही. पत्रे शेजारणीकडून लिहवून घेते."

"डावखुऱ्या आहेत?"

"मुळीच नाही. माझा कान तिने आजन्म उजव्या हातानेच पिळला."

बाई हातातली किसणी पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग डावा कसा हो, काका? तुम्ही त्यांना भेटायला गेलात तेव्हा समोर बसला होतात की शेजारी?"

समोर बसलो होतो, ताई. खिडकीकडच्या खुर्चीवर. तो हात माझ्या डाव्या अंगाला होता. तेवढेच मला ठाऊक, कारण त्या भेटीत मी छताचा पंखा पाहिला, सलाईनची बाटली पाहिली, परिचारिकेचे घड्याळ पाहिले, तुझ्या उशाशी ठेवलेली संत्री पुनःपुन्हा पाहिली. चादरीवर जे निपचित पडले होते ते तेवढे पाहिले नाही. तू माझ्याकडे पाहत होतीस आणि मी पंख्याच्या पात्यांविषयी बोलत होतो. तुला ते कळले असणार. तुला कळत नाही असे काही आजवर झालेले नाही. माझ्या घरी यायचे नाही, यामागे जागेखेरीज तेही एक कारण असेल, तर तेही मी नमूद करून ठेवतो.

दुकानातच पट्टा सोडला, उजवा हात अडकविला आणि सर्व वस्तू पुन्हा डाव्याने पारखल्या. दोन परत केल्या. घरी आल्यावर सुतारास बोलाविले, कारण कपाटांची दारे, खणांच्या मुठी, चुंबकपट्टी, सर्व काही मी आधीच उजव्या हाताच्या सोयीने बसवून घेतले होते.

सुतार म्हणाला, "काका, आधी सगळं उजवीकडे, आता सगळं डावीकडे. दारांना चक्कर येईल."

"दारांचे मी पाहतो. तू बिजागऱ्या पाहा."

"एकट्या माणसाला एवढं काय लागतं पण?"

मी त्याच्या हाती पुढची बिजागरी दिली. आता सर्व डावीकडे आहे. माझीच त्रेधा उडते. दार उघडायला गेलो की कोपर भिंतीवर आपटते. सवय होईल.

मेजाविषयी लिहायचे राहिले. भिंतीला टांगलेले, दुपानी. हवे तेव्हा पाने उघडायची, एरवी मिटून ठेवायची. दुकानात एकपानी मेज नव्हते, असे मी तुला लिहिणार होतो. होते. स्वस्तही होते.

आणि खाटेचा मुद्दा. तुझी खोलीत, खिडकीशी आहे, कायमची, पाय असलेली. माझी दिवसा भिंतीत दुमडते. तेव्हा 'खाट तरी माझी असेल' या कारणाला येथे काही बाध येत नाही. निवासातल्या खाटेस खिडकी आहे काय, एवढे शेजारीणबाईंना विचारून घे.

पुढच्या वेळी भेटायला येईन तेव्हा खुर्ची खिडकीकडची घेणार नाही. तुझ्या उजव्या अंगाला बसेन.

मेजाचे एकच पान उघडून जेवण्यास कंटाळलेला,
तुझा
भोपळ्या

ता. क. एक क्षुल्लक अडचण आहे. ती मऊ चाळणी मी चपटी करून चमच्यांच्या खणात ठेवली होती. ती आतल्या आत उमलली. आता खण बोटभर उघडतो आणि अडतो. फटीतून हात घालून तिला खाली दाबले पाहिजे, परंतु माझा पंजा नावाप्रमाणे भोपळ्याचा, बोटांच्या पेरांपुढे जात नाही. सुतार म्हणतो खण फोडावा लागेल. मी म्हणतो बारीक हात हवा, डावा असला तरी चालेल. सर्व चमचे आत आहेत. गेले काही दिवस मी चहातली साखर सुरीने ढवळतो आहे, आणि ती नीट विरघळत नाही.