बाप्पावर घडी पडू नये म्हणून

मीरा रोड (पूर्व),
शनिवार, दुपार

तीर्थरूप दत्तादादा यांस,

धाकट्या सुलूचा वाकून नमस्कार (गुडघा जेवढा वाकू देतो तेवढाच, बाकीचा मनातल्या मनात समजून घे). वहिनींनाही नमस्कार. तुझी शुगर काय म्हणते? वहिनी सांगत होत्या की तू फणसाचे गरे अगदी बंद केलेस. त्याच दिवशी तू माझ्याशी फोनवर काहीतरी चावत चावत बोलत होतास, ते काय होतं हे मी वहिनींना विचारलेलं नाही. अजून तरी. लांज्याच्या घराला रंग काढलास म्हणे. लग्नघर आहे, काढायलाच हवा. आपल्या निशिगंधाच्या लग्नाची पत्रिकाही मिळाली, म्हणजे फॅमिली ग्रुपवर आली. छान आहे. गणपती आपोआप डोलतो, सनई वाजते, वरून फुलं पडतात, "कागद वाचवा, झाडे वाचवा" असं हिरव्या अक्षरांत येतं, आणि शेवटी तुझ्या नावाखाली "समक्ष येणे शक्य न झाल्याने हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे" एवढं झळकून सगळं बंद पडतं. मी समजले. रागावलेले नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पत्र लांबणार आहे आणि मध्येच कुठेतरी तुला उगाच शंका येईल.

लिहायचं कारण निराळंच आहे. मी सध्या कागदाच्या घड्या घालते. ओरिगामी म्हणतात त्याला. गेल्या वर्षी माझं मनगट मोडलं (न्हाणीघरात घसरून नव्हे, मोबाइलच्या चार्जरच्या वायरीत अडकून, हे सगळ्यांना न्हाणीघर सांगतात, कारण वायर यांची होती), तेव्हा प्लास्टर काढल्यावर व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, काकी, बोटं चालती ठेवा, ओरिगामी करा. मला वाटलं होतं कणीक मळा म्हणेल. मग मी व्हिडिओ बघायला लागले. त्यात एक जपानी बाई असते. तिचे नुसते हात दिसतात, ती अक्षरही बोलत नाही, कधी चुकत नाही, आणि जिथे मी अडते नेमक्या त्याच ठिकाणी ती कागद उलटा करून पुढे निघून जाते. तरी महिन्याभरात मला हंस आला, कमळ आलं, आणि एक बेडूक आला जो खरं तर ससा व्हायचा होता.

पण दादा, घडी घालणं सोपं, कागद मिळणं कठीण. वर्तमानपत्राचा हंस सकाळी ऐटीत उभा असतो आणि खाडीवरची दमट हवा आत आली की दिवेलागणीला मान टाकतो. यांनी तर एकदा त्याला विचारलं, काय रे, बरं नाही का. घोटीव कागद दिसायला झकास, पण घडीवर त्याचा रंग उडतो आणि पांढऱ्या रेघा दिसतात. पतंगाचा कागद आणला, तर पंखा लावल्याबरोबर कमळ उडून चंदनबेनच्या गॅलरीत गेलं (चंदनबेन म्हणजे आमच्या समोरच्या, मनाने सोन्यासारख्या, फक्त आवाज मोठा). भेटवस्तूंवरचा चकचकीत कागद घडी धरतच नाही; नखाने दाबून दाबून घातलेली घडी आपण चहा टाकून येईपर्यंत हसत उघडलेली असते. कॅलेंडरचा कागद उत्तम, पण त्याच्या मागे हे गॅस आणि पेपरवाल्याच्या नोंदी करतात, त्यामुळे एका बेडकाच्या पोटावर "सिलिंडर लावला" असं आलं आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला झाला.

शेवटी माळ्यावरची पिशवी खाली काढली. लग्नाच्या पत्रिकांची. तुझ्याकडेही असणार, सगळ्यांकडे असते. लग्नं होऊन त्या लोकांची पोरं शाळेत जायला लागली तरी पत्रिका टाकवत नाही, कारण वर गणपती असतो. आणि काय कागद, दादा! जाड असून वाकतो, वाकला की वाकलेला राहतो, दमट हवेला भीक घालत नाही. मी पहिली पत्रिका हातात घेतली, कोपऱ्याला कोपरा जुळवला आणि दाबायच्या आधी थबकले. घडी थेट गणपतीच्या पोटावरून जात होती. आपल्या आईने हे पाहिलं असतं तर तिने मला दाराबाहेर उभं केलं असतं. म्हणून मी माझे नियम केले. बाप्पाला कात्री लागायची नाही, बाप्पावर घडी पडायची नाही, बाप्पा उलटा व्हायचा नाही आणि आत दडपलाही जायचा नाही. त्या जपानी बाईला यातली एकही अडचण नाही, म्हणून ती एवढी शांत असते. मला मात्र प्रत्येक पत्रिकेचा वेगळा हिशोब मांडावा लागतो. चार दिवस झटले तेव्हा असा हंस जमला की ज्याच्या बरोबर छातीवर बाप्पा येतो, सरळ, हसरा, सोंड डावीकडे.

चंदनबेनने तो पाहिला आणि "सुलूबेन, ये तो मैं मंदिर में रखेगी" म्हणत उचलून देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. तिथून सगळं सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ती आपल्या घरातल्या पत्रिका घेऊन आली. मग तिची गोडदेवची नणंद आली. मग पेणकरपाड्याहून एक बाई रिक्षा करून आल्या, ज्यांना मी आजतागायत ओळखत नाही. प्रत्येकीच्या घरात ही टाकवत नाही आणि ठेववत नाही अशी पिशवी होतीच, आणि आता तिला जागा मिळाली. आमचा वॉचमन दशरथ नाव विचारायच्याही भानगडीत पडत नाही. हातात पिशवी आणि तोंडात पत्रिका हा शब्द आला की "सी विंग, दुसरा माळा, बाप्पावाल्या काकी, जा सरळ वर" असं सांगून मोकळा. हॉलमध्ये चालायला वाट उरलेली नाही. हे सोफ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात बसून मोठ्याने पत्रिका वाचतात आणि अनोळखी नवरदेवांच्या डिग्र्यांवर शंका घेतात.

मध्यंतरी वरच्या पिंकीचा साखरपुडा झाला. मी हौसेने तिला मोठं कमळ करून नेलं. सगळं लक्ष बाप्पाकडे असल्यामुळे मजकुराकडे बघायचं राहिलं. पिंकीच्या आईने कमळ कौतुकाने सगळ्यांपुढे धरलं, तर समोरच्याच पाकळीवर ठळक अक्षरांत "कृपया आहेर आणू नये". मी आहेर हातात देऊन उभी. दुसऱ्या पाकळीवर "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!" असं होतं, आणि मुलाकडचे एक पन्नाशीचे अविवाहित काका ती पाकळी परत परत वाचत होते. पिंकी हसून हसून बेजार झाली, म्हणून निभावलं. तेव्हापासून मी प्रत्येक पत्रिका आधी पूर्ण वाचते. आजोबांची नावं, "अगत्य येण्याचे करावे", कोपऱ्यात सुकलेलं हळदीकुंकू, सगळं. वाचता वाचता वेळ जातो आणि कधीकधी उगाच डोळे भरून येतात. (चष्म्याचा नंबर वाढला असणार.)

असो. निशिगंधाच्या रुखवतासाठी हंसांची जोडी, कमळं आणि एक तोरण तयार आहे. वहिनींना म्हणावं, भाड्याचं रुखवत मुळीच आणू नका. तब्येतीला जप, रंगाच्या वासात झोपू नकोस.

तुझी,
सुलू

ता. क. पत्रिका छापायचा विचार झालाच, तर कागदाच्या बाबतीत मला विचार. वर प्लास्टिकचा चकचकीत थर नको, मखमल नको, आणि गणपती मधोमध नको, कोपऱ्यात हवा. मधोमध सगळ्या घड्या येतात. आणि माझ्यासाठी जरा जास्तीच्या छापून घे.

ता. ता. क. वरचा ताजा कलम खोडून टाक. माझ्याकडे आता मुंबईच्या निम्म्या लग्नांच्या पत्रिका आहेत, कागद कसला मागतेय मी! मला एकच पत्रिका हवी आहे. साध्या कागदावरची चालेल, कोपऱ्याला वहिनींच्या बोटाचं हळदीकुंकू लागलेलं असू दे. दादा, निशिगंधा हे नाव मी ठेवलं आहे. वहिनींना ते अवघड वाटत होतं, तू म्हणालास एवढं लांबलचक नाव शाळेत लिहिणार कोण, तरी पाळण्यात वाकून मी तिच्या कानात तेच सांगितलं आणि तुम्ही सगळ्यांनी माझ्या पाठीत धपाटे घातलेत. तुझा सगळ्यात जोरात होता. फोनवर ते नाव येतं आणि लगेच फुलं पडून झाकून जातं. मला ते कागदावर वाचायचं आहे. त्या पत्रिकेला मी कुठेच घडी घालणार नाही.

आणि हो, घाबरू नकोस, तू नाही आलास तरी आम्ही लग्नाला येतोच आहोत. तिकिटं काढली, साडीला फॉल लावून झाला. आत्या आहे मी, मला कोण अडवतंय. पण तू आलास तर गरे घेऊन ये, वहिनींना सांगणार नाही. खाली दशरथ असेल. त्याला नाव-गाव काही सांगत बसू नकोस, नुसतं पत्रिका आणली आहे म्हण, तो सरळ वर पाठवेल. रोज इतकी माणसं माझ्या दारात पत्रिका टाकायला येतात. द्यायला आलेला तू पहिलाच असशील.