दौलत मुकादमाचं लहानपण कुणाचं

मी, अनुसया हिलाल बोरसे, वय अठ्ठेचाळीस, धंदा खाणावळ, राहणार नवागाम, डिंडोली रस्ता, सुरत, हे मृत्युपत्र भर दुपारी, पूर्ण शुद्धीवर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अंगात ताप नाही. माझ्यावर जबरदस्ती चालू आहे, पण ती नाटक बदलण्याची. मृत्युपत्र मी माझ्या मर्जीने करते. आज संध्याकाळी आमच्या गणेश मंडळाचं नाटक आहे. ते मी लिहिलेलं आहे. त्या नाटकापायी कुणाचा तरी जीव जाईल अशी चिन्हं आहेत, म्हणून आधी माझ्या मागची व्यवस्था लावून ठेवते.

कलम १. राहती खोली, पुढच्या ओट्यासह, माझी मुलगी दिपाली हिला द्यावी. खोली मी सुकदेवभाऊंकडून रोख देऊन घेतली, करार आणि वीजबिल माझ्या नावावर आहे. सुकदेवभाऊ म्हणजे कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यांना मजूर पुरवणारे ठेकेदार. त्यांच्या शब्दाशिवाय इथे कुणी कामाला लागत नाही. ते काल दारात उभे राहून "नाटक बदल, नाही तर खोली खाली कर" म्हणाले. म्हणोत बापडे. दिपाली, तू घाबरून एक पातेलंसुद्धा बाहेर ठेवू नकोस.

कलम २. पातेली, पराती, दोन्ही स्टो आणि खाणावळ, सगळं दिपालीचंच. मैत्रिणींशी खुशाल गुजरातीत बोल, पण वाढताना पोरांना आपल्या भाषेत "घे रे अजून" म्हणत जा. घर सोडून आलेली पोरं तेवढ्या शब्दासाठी येतात, वरणासाठी नाही. वरण तर सगळीकडे पातळच असतं.

कलम ३. माझे दीर शालिग्राम यांना काही एक देऊ नये. फुटका चमचाही नाही! तीन वर्षांमागे, प्लेगाच्या साली सगळं नवागाम गावी पळालं, तेव्हा आम्ही मायलेकी यांच्या दारात गेलो. "रोग आणशीन घरात" म्हणून यांनी ओट्यावरूनच परत पाठवलं. दिपालीला पाणीसुद्धा विचारलं नाही. आम्ही उलट्या पावली सुरतेला आलो आणि ओस पडलेल्या वस्तीत चूल पेटवली. त्या दिवसांत जेवायला एकच माणूस यायचा. सुकदेवभाऊ.

कलम ४. आता नाटकाबद्दल. त्यात दौलत नावाचा मुकादम आहे, मजुरांचे पगार गिळणारा. हे काम संदीप करतो. संदीप लूमवर आहे, माझ्याकडे जेवतो, आणि सुकदेवभाऊंच्याच गावचा आहे. तालमीला पहिल्या दिवशी त्याने मिशीला पीळ देऊन असा गडगडाट केला की पोरं पोट धरून हसली. मी म्हटलं, "अरे मेल्या, हा मुकादम आहे की रामलीलेतला रावण? ह्याला कोण भिईल?" भीती अनोळखी राक्षसाची वाटत नाही, माझ्यासारखाच जेवणारा माणूस माझा गळा कापतो तेव्हा वाटते.

मंडळात पुढे जो कुणी नाटक लिहील त्याला माझी ही एवढीच इस्टेट. माणूस उभा करायचा असेल तर आधी त्याला जेवायला बसव. कुणी पहिला घास मोडून क्षणभर थांबतो, कुणी चटणी शेवटपर्यंत राखतो, कुणाला शेजारच्या ताटात काय पडलं तेच दिसतं. मग असं का, ते स्वतःला विचार. बाहेरून उत्तर मिळत नसेल तर आपल्या आतून काढ. तिथे असतंच.

मी दौलतला जेवायला बसवलं. ताटाभोवती डावा हात कुंपणासारखा लावून तो खाली मान घालून जेवतो. मग त्याचं लहानपण लिहिलं: चुलतभाऊ त्याच्या हातची भाकरी हिसकावतो, अर्धी खाऊन उरलेली मातीत टाकतो, आणि हा ती झटकून खातो. संदीपने तो प्रवेश केला तेव्हा कुणी हसलं नाही. मागून एक जण हळूच म्हणाला, "हा तं सुकदेवशेठ!" तिथून ही आग लागली.

परवा संदीपच्या डोक्यात कुणीतरी मागून फळी घातली. टाके पडले. आणि काल सुकदेवभाऊ आले. मला वाटलं पगार गिळण्याबद्दल भांडतील. ते म्हणाले, "माले चोर म्हन, लुच्चा म्हन, चाली जाई. पन मना घरनी गोट तुले संद्यानी सांगी ना? त्याले मी सोडनार नही." मी पुन्हा पुन्हा सांगितलं, संदीपने तुमच्या घरचं एक अक्षर सांगितलेलं नाही. त्यांना पटेना. "मंग तुले कसं समजनं?" एवढंच ते विचारत राहिले. त्यांचा आवाज कापत होता. मला त्यांच्या रागाची नाही, त्या कापण्याची भीती वाटली.

संदीप डोक्याला पट्टी बांधून आज उभा राहणारच म्हणतो. तो रंगमंचावर असेल आणि मागे अंधार असेल. माझ्या जिवात जीव नाही.

कलम ५. म्हणून हे जाहीर करते, आणि मरणाच्या कागदावर मी खोटं लिहिणार नाही. हाताचं कुंपण सुकदेवभाऊंचं आहे. प्लेगाच्या साली मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. माझ्या दारात पाहिलेलं माझं, त्याबद्दल मी माफी मागत नाही. परंतु भाकरीची गोष्ट माझी आहे. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावी, आई रानात गेली की माझ्या हातून भाकरी जायची. मातीतली भाकरी झटकून मीच खाल्ली आहे. दौलतला लहानपण द्यायचं होतं, माझ्याकडे एकच होतं, ते दिलं. त्या माणसाचंही तेच निघेल हे मला काय ठाऊक? संदीपला माझी गोष्टही माहीत नव्हती.

कलम ६. संदीपला माझे मयत मालक हिलाल यांचा काळा कोट द्यावा. नाटकात तोच घालतो. त्याला काही झालं तर तो कोट सुकदेवभाऊंच्या दारावर टांगावा आणि कुणी काढू नये.

कलम ७. कागदाला दोन साक्षीदार लागतात. पहिली सही आमच्या शेजारीण कमलताई, मराठी शाळेच्या शिक्षिका, यांची. दुसऱ्या सहीला वस्तीतला एकही पुरुष पुढे आला नाही. ठेकेदाराला कोण नाराज करणार? तेव्हा ती जागा मी सुकदेवभाऊंसाठीच ठेवली आहे आणि त्यांना बोलावणं धाडलं आहे. त्यांनी सही केली नाही तर कागद कच्चा राहील आणि खोलीवर शालिग्राम धावून येईल. येऊ दे. मला माझं खरं पटवून द्यायचं आहे, त्यासाठी खोली पणाला लावली.

स्थळ: नवागाम, सुरत. दिनांक १३ सप्टेंबर १९९७.

सही: अनुसया हिलाल बोरसे

साक्षीदार पहिली: सौ. कमल (सही). अनुसयाबाईंनी माझ्यासमोर सही केली. पुढचा मजकूर मी, त्यांच्या सांगण्यावरून, लिहीत आहे.

सुकदेवभाऊ आले. सोबत दोन माणसं होती, त्यांना बाहेर ठेवलं. अनुसयाबाईंनी पुन्हा त्यांच्यादेखत सही गिरवली. सुकदेवभाऊंनी सगळा कागद उभ्याने वाचला. पाचवं कलम दोनदा वाचलं. मग बाईंकडे न बघता विचारलं, "भाकर कोन हिसकाये? चुलतभाऊ?"

बाई म्हणाल्या, "नाही भाऊ. सख्खा. सख्ख्याचं लिहायला हात धजेना, म्हणून चुलत केला."

दिपाली माझा हात घट्ट धरून होती.

"मना बी सख्खाच," सुकदेवभाऊ म्हणाले. खिशातून पेन काढलं, सही केली, बाहेर जाऊन त्या दोघांना घरी पाठवून दिलं. परत दारात आले.

"वहिनी, नाटक कव्हय शे?"

"आठ वाजता."

"मंग अजून येळ शे. चुलत काढ. सख्खा लिख."

साक्षीदार दुसरा: सुकदेव (सही)