गाठ आधी वहिनीला दाखवलीस

ती. आईस, तुझ्या रुसलेल्या लेकीचा नमस्कार.

मी ठीक आहे, वेळेवर जेवते.

दिवसभर लॅबमध्ये परक्या बायकांच्या गाठींचे पातळ काप करून काचेवर लावते, आणि माझ्याच आईने स्तनातली गाठ आधी वहिनीला दाखवली. म्हणे, "लेकीला यातलं सगळं कळतं, उगीच घाबरेल." कळतं म्हणूनच सांगायचं असतं गं.

रिपोर्ट मी परत परत वाचला. गाठ लहान आहे, काखेत पसरलेली नाही. अशी लवकर सापडली की उपचार चांगले लागू पडतात. वहिनीने हट्टाने तपासणीला नेलं म्हणून सापडली, हे मान्य. पण केमोच्या वेळी तिच्या खांद्यावर डोकं टेकलेला तुझा फोटो दादाने कौतुकाने पाठवला, तेव्हा माझा नुसता जळफळाट झाला.

मळमळ थांबली का? ताप आला तर अंगावर काढू नकोस. बाबा नीट झोपतात ना?

पुढच्या आठवड्यात येतेय. तोवर केस गळायला लागतील. वहिनी म्हणेल, मशीन फिरवून टाकते. तिला हात लावू देऊ नकोस. माझ्या वेण्या तू घातल्यास, तुझे केस मीच उतरवणार.

तुझी,
पोटची लेक