न वाळलेलं चित्र

२ फेब्रुवारी, रविवार

एस.टी. वेळेवर! सकाळी हे परत म्हणाले, "अमरावतीत काय पेंटिंगचे क्लास नाहीत?" आहेत. पण यांची लेक अवनी अकोल्यात दिली आहे, सहावा महिना सरत आलाय तिचा. क्लास सुटला की तासभर तिच्याकडे बसता येतं.

मी या घरात आले तेव्हा ती नववीत होती, आईवेगळी. तेव्हापासून मी ज्योत्स्नामावशी. मला स्वतःचं मूल झालं नाही. पोरगी कधी वाईट वागली नाही, पण कधी हट्टही केला नाही. आज विचारलं— पहिलं बाळंतपण माहेरी असतं, येशील ना?

"पाहू न मावशी."

परतीच्या बसमध्ये तेच डोक्यात.

९ फेब्रुवारी

गरोदर बाईच्या खोलीत गोंडस बाळाचं चित्र लावतात. बाजारातलं टोपरंवालं पोस्टर मला नको. मी काढणार, तिच्यासाठी! इटलीच्या त्या जुन्या चित्रकाराची, राफाएलची माता आणि बालक— मागे सगळा काळोख, लाल झगा, निळं वस्त्र.

क्लासच्या खुशालराव सरांनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. म्हणाले, "बाई, तुमाले अजून वांगं धड काढता येत नाही, अन् थेट राफाएल?" मग स्वतःच छापील चित्रावर चौकटी आखून दिल्या. देवमाणूस.

२३ फेब्रुवारी

नाक बिघडलं. पुसलं. परत बिघडलं.

१ मार्च

अंगाच्या रंगाखाली आधी हिरवट थर द्यायचा असतो. दिला. यांनी डोकावून विचारलं, "बाळ आजारी आहे का?" सरांना फोटो पाठवला तर म्हणाले, "वरून गुलाबी चढलं का जित्तं होते. दम धरा."

एक गोष्ट आज लक्षात आली. ही आई बाळाकडे बघतच नाही. नजर खाली, कुठेतरी. पण हात घट्ट आहे. इतकी वर्षं मी तरी दुसरं काय केलं? बरं वाटलं, कुणीतरी समजून घेतल्यासारखं.

१६ मार्च

आज चित्र अवनीला न्यायचं होतं. वाळलंच नाही! निळ्यावर बोट ठेवलं की चिकटतं. सरांना विचारलं, तर कारण निघालं तेल. रंगात घालायच्या तेलाची दुकानातली बाटली संपली म्हणून मी घाण्यावरचं जवसाचं तेल घातलं होतं, चटणीवर घेतो तेच. आणि सढळ हातानं.

"थेंबभर म्हटलं होतं, बाई. तुमी तर फोडनी देल्ली!" आता महिना-दीड महिना हलवायचं नाही म्हणाले.

रिकाम्या हातानं अवनीकडे गेले. खरं ते सांगितलं. पोट धरून हसली.

"मंग आता कुठी हाय थे?"

"तुझ्या खोलीत. भिंतीला टेकवून."

"माझी खोली अजून तशीच हाय?"

म्हटलं, मग काय भाड्यानं देऊ?  इतक्या वर्षांत मी हे कधी बोलून दाखवलं नव्हतं, आणि तिला ते आपोआप कळलं असेल असं धरून चालले होते. ती म्हणाली, "चित्र येत नाही तं मलेच या लागते." आणि आत जाऊन सासूबाईंना सांगूनच आली.

३० मार्च, पाडवा

अवनी इथे! सकाळी चहा घेऊन चित्रासमोर बसते. पंखा हळू ठेवते, धूळ बसू नये म्हणून. नाक अजून वाकडंच आहे, तिला चालतं. काल म्हणाली, भूक लागली, वरणफळं कर. रात्री परत भूक! मी कंटाळत नाही. सरांचे उपकार, राफाएलचे उपकार, त्या तेलघाण्यावाल्याचे तर सगळ्यात जास्त.

२० एप्रिल

वाळलं. तिला सांगितलं. म्हणाली, "राहू दे तिथीच."

६ मे

नर्स बाळ घेऊन बाहेर आली. हे पुढे झाले, जावईबापू पुढे झाले. तिनं दोघांकडे पाहिलंसुद्धा नाही. "ज्योत्स्नाबाई कोन हाय? पेशंटनं कालच सांगून ठेवलं, बाळ पयले त्यायच्याच हातात द्या."

दोघंही बाजूला झाले.