गोरखसाठी घेतलेला कॅमशाफ्ट

१८ फेब्रुवारी २००१
भीमाशंकर केलं. सासरवाडीची सगळी मंडळी दोन गाड्यांत. माझ्या फियाटमध्ये सासू-सासरे, ही, आणि मेहुण्याची मुलगी वृषाली. उरलेले साडूच्या, म्हणजे गोरखच्या जीपमध्ये. घाटात गोरखने मला ओव्हरटेक केलं. तेही हॉर्न वाजवून. मागच्या पोरांनी जीभ काढून दाखवली. वर पोचलो तर हा भजी खात उभा. सासऱ्यांना म्हणाला, तुमी उतरून जरा ढकलायचं व्हतं, लवकर आला असता. सासरे हसले. माझ्या गाडीतून, माझ्या पेट्रोलवर आलेला माणूस हसला.
देवापुढे हात जोडून एकच गोष्ट मागितली. काय ते लिहीत नाही.

१९ फेब्रुवारी
शांत डोक्याने विचार केला. मी सूडबुद्धीचा माणूस नाही. फक्त गोरखला एकदा घाटात, सगळ्या सासरवाडीदेखत, माझा धूर खायला लावायचा आहे. मग विषय संपला.

२५ फेब्रुवारी
वृषालीचं लग्न ठरलं. १३ मे. मुलगा मास्तर, गाव डिंभ्याच्या पुढे, चढावर. लग्न इकडे सासरवाडीला, लोणीला. म्हणजे नवरा-नवरी घेऊन गाडी लोणीहून निघणार, घोडेगाव ओलांडून घाट चढणार. मागे अख्खी सासरवाडी. देव आहे.
पोरगी स्वतः म्हणाली, मामा, मी सासरी तुमच्याच गाडीतून जाणार. लहानपणी ह्याच गाडीच्या मागच्या सीटवर झोपायची. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी घाटाचा विचार करत होतो.

४ मार्च
गाडीचं दुखणं सापडलं. कॅमशाफ्ट. इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा. कंपनीचा दांडा व्हॉल्व्ह उघडतो ते नव्या सुनेने दार उघडावं तसे, किलकिले. रॅलीच्या गाडीचा दांडा सताड उघडतो, इंजिन पोटभर हवा घेतं. हे एका मासिकात वाचलं. निरगुडसरमध्ये पंपाच्या मोटारी रिवाइंड करण्यात माझी हयात गेली, मला इंजिन कुणी शिकवायची गरज नाही.

११ मार्च
पुण्याला जाऊन आलो. रॅलीत पळवलेल्या फियाटचा कॅमशाफ्ट, सेकंडहँड. विकणारा प्रामाणिक निघाला. म्हणाला, वेगात भन्नाट ओढते, मात्र हळू चालवायला त्रास, सिग्नलला थांबलात की बंद पडणार. मी त्याला विचारलं, आंबेगाव तालुक्यात किती सिग्नल आहेत माहीत आहे का? असा वकिली पॉइंट काढला की त्याने भाव उतरवला.
हिला सांगितलं, सर्व्हिसिंगचा पार्ट आहे. ते खोटं नाही.

२ एप्रिल
जुन्नरला इब्राहिमच्या गॅरेजमध्ये गाडी दिली. तोही खूश, असलं काम त्याच्याकडे कधी आलं नव्हतं. दांडा हातात फिरवून म्हणाला, भाऊ, लई पळंल, पण मुंगीच्या चालीनं न्यायची असंल तर मला बोलवू नका. मी म्हणालो, मुंगीच्या चालीने गोरख येईल. गोरख कोण ते त्याला माहीत नव्हतं, तरी हसला. चांगला माणूस.

८ एप्रिल
गाडी आली. काय आवाज! मंचरच्या रस्त्यावर दाबली तर अंगावर काटा आला. दारात आल्यावर बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा पडली. पेट्रोलमध्ये भेसळ असणार.

१५ एप्रिल
शेजारचे गेणभाऊ भांडायला आले. म्हणे तुमच्या गाडीच्या आवाजानं म्हैस पान्हा सोडत न्हाई. म्हशीला रेसिंगचं काय कळणार, हे मी त्यांना सभ्य भाषेत सांगितलं. तेव्हापासून त्यांनी आम्हाला दूध देणं बंद केलं आहे. चहा कोरा. गोरखच्या खात्यात हेही जमा.

२९ एप्रिल
मेहुणा सावळेराम येऊन गेला. घाबरट. म्हणाला, दाजी, तुमची गाडी चौकात तीनदा बंद पडली म्हणं, पोरीला गोरखच्या जीपमधनं नेऊ का? मी शब्द दिला, पोरगी माझ्या गाडीतून सासरच्या दारात उतरेल, नाहीतर मी लोणीला तोंड दाखवणार नाही. जाता जाता सावळेराम म्हणाला, गोरखचंबी तेच म्हणणं हाय, पोरीची इच्छा हाय तर भाऊंचीच गाडी घ्या.
डाव आहे त्याचा. मी ओळखून आहे.

१२ मे
गाडी धुतली. झेंडूच्या माळा लावल्या. आरसा जरा वाकडा केला, म्हणजे घाटात गोरखचा चेहरा नीट दिसेल.

१४ मे
काल लिहायला जमलं नाही. आजही मन नाही, पण रोजनिशीत खाडा नको.
लग्न लागलं. पाठवणीला नवरा-नवरी माझ्या गाडीत बसली. मी फक्त घाटाचा अभ्यास केला होता. लोणीतून मुलगी कशी निघते हे मला काय माहीत नव्हतं? जन्म ह्याच भागात गेला. पुढे बँड, त्याच्या पुढे नाचणारी पोरं, आणि प्रत्येक दारात गाडी थांबवायची. घरातली बाई येणार, चाकांवर पाणी घालणार, वृषालीला कुंकू लावणार, गळ्यात पडून रडणार. मग पुढचं दार.
पहिल्याच दारात गाडी बंद पडली. चालू ठेवायची तर ॲक्सिलरेटर दाबून, क्लच अर्धा सोडून. दाबला की बँड ऐकू येईना. बँडमास्तर मागे वळून मला शिव्या देत होता, त्याही ऐकू आल्या नाहीत. पारापाशी करपल्याचा वास सुटला. तिथल्या दारातल्या ठमाबाई म्हणाल्या, कुणाच्या तरी चुलीवर भाजी लागली. भाजी नव्हती, क्लचप्लेट होती. वेशीपर्यंतही पोचलो नाही.
बॉनेटमधून धूर. नवरदेव मास्तर, त्याने खाली उतरून कोट काढला आणि ढकलायला लागला. त्याच्या आईचा चेहरा मी पाहिला नाही.
मग गोरख आला. जीप पुढे आणून लावली. मीच म्हणालो, घे, भीमाशंकरला अर्धवट राहिलं होतं ते पुरं कर. तो म्हणाला, भीमाशंकरला काय झालं व्हतं? त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. खरंच आठवत नव्हतं त्याला.
नवरा-नवरी जीपमध्ये. सावळेराम म्हणाला, ही गाडी राहू द्या इथंच. मी म्हणालो, मग मीही इथेच. पण वृषाली जीपमधून उतरायला लागली. मामा येत नसतील तर मी जात न्हाई. मग गोरखने दोर काढला आणि माझी गाडी जीपला बांधली. अख्खा घाट मी स्टिअरिंग धरून त्याच्या मागे. त्याने एकदाही हिसका बसू दिला नाही. जीपच्या मागच्या बाजूला बसून वृषाली रडत होती. रडता रडता तिची नजर माझ्याकडे गेली, दोरावर गेली, आणि तिला हसू आवरेना.
नवरदेवाच्या दारात, नवरीची गाडी आणणाऱ्याचा मान म्हणून टॉवेल-टोपी देतात. अर्थात गोरखला. त्याने टॉवेल खांद्यावर घेतला, टोपी हातात धरली, आणि सगळ्यांदेखत माझ्याजवळ येऊन ती माझ्या डोक्यावर ठेवली. म्हणाला, भाऊ, पोरीनं तुमचं नाव घेतलं व्हतं.
आता ह्या माणसाचं मी काय करू?
टोपी घरी येईपर्यंत डोक्यावरच ठेवली. काढली असती तर लोक म्हणाले असते, ह्याला राग आलाय.