धर्मापुरीची न फुटलेली सुपारी

मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, संध्याकाळ

राग उतरत नाही. अक्षर बिघडते आहे, तरी लिहितो.

बहीण काशीसाठी स्थळ पाहायला दादांबरोबर धर्मापुरीला गेलो होतो. मध्यस्थ बापूराव. दादांनी वाटेतच बजावले होते, "परक्या बैठकीत कान उघडे ठेव, तोंड न्हाई." म्हणून मी गप्प बसलो. बापूराव मात्र थांबेनात. मुलगा एकुलता, विहीर बारमाही. वर मला म्हणाले, "मुका हायेस का बे? बोल की सोयऱ्यासंगं!" सगळे हसले. मीही हसलो. का हसलो मी?

माझ्या मागे त्या घरचे दोन म्हातारे तंबाखू मळत होते. एकाने हळूच विचारले, "पोराच्या पैल्या बायकूला म्हायेराहून कवा आणायचं?" दुसरा म्हणाला, "हे लगीन हू दे की आदी."

पैल्या बायकूला! नीट ऐकले ना मी? नीटच ऐकले.

इकडे दादांनी अडकित्ता उचलला होता. सुपारी फुटली की लग्नाचा शब्द दिला गेला. मी यजमानांना विचारले, "पाव्हणं, मुलाची पहिली बायको कुठल्या गावची?"

यजमान बापूरावांकडे पाहू लागले. दादांनी अख्खी सुपारी चंचीत टाकली आणि उठले.

परतताना बापूराव माझ्यावरच उखडले. "पैली असली म्हणून काय झालं? भर बैठकीत माजं नाक कापलंस!"

म्हणजे यांना ठाऊक होते. माझ्या बहिणीला सवतीवर द्यायला निघाले होते, आणि नाक कापले ते यांचे! त्या बैठकीत मी एकच वाक्य बोललो. तेवढेही यांना जास्त झाले.